तुळस कुणाला हवी आहे का?

मी कुवेतला जायला मिरजेहून निघाले त्या सकाळी बाबा ओट्याखाली बसून नळाचा वॉशर बदलत होते. दारात रिक्षा उभी. आई माझी ओटी भरून पदराने डोळे पुसते आहे, धाकटा भाऊ सतीश बॅग उचलायची सोडून तिची चाकं फिरवून बघतो आहे, शेजारणी कठड्याला टेकून उभ्या आहेत, आणि ज्यांनी निरोप द्यायचा ते पान्हा घेऊन गुडघ्यावर. मी म्हटलं, "बाबा, निघते." ते उठले, हात लुंगीला पुसले आणि दारापर्यंत आले. डोक्यावर हात ठेवणं वगैरे त्यांना कधी जमलं नाही. म्हणाले, "सांगून निघालीस, बरं केलंस." आणि पुन्हा नळाकडे गेले.

ते त्यांचं नेहमीचं होतं. मिरज जंक्शनच्या सिग्नल केबिनमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. पुढच्या स्टेशनला कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे एवढं एकच तत्त्व त्यांनी आयुष्याला लावलं. मैत्रिणीकडे जायचं असो, सिनेमाला जायचं असो, ते कधी अडवत नसत. "विचारू नकोस, पण सांगून जा," म्हणायचे. पोरींना असं सांगणारे बाप आमच्या गल्लीत दुसरे नव्हते.

हे घर त्यांनी रेल्वेच्या पगारात बांधलं. दोन खोल्या, पुढे कट्टा, मागे न्हाणी. आई-बाबा गेल्यावर ते बंद होतं. गेल्या वर्षी ते विकायला निघालं, आणि तेवढं मला सांगायचं राहून गेलं. सांगायचं राहिलं म्हणजे काय, हे नीट कळायला माझा धंदा आधी समजून घ्यावा लागेल.

मी कुवेतमध्ये लोकांना भाड्याने घरं शोधून देते. आपल्या लोकांच्या भाषेत दलाल. तोंडावर 'ताई', पाठीमागे 'ती दलाल बाई'. माझी हरकत नाही. हरकत आहे ती तोंडावरच्या ताईला.

आले तेव्हा यातलं काही ठरलेलं नव्हतं. नवरा, श्रीकांत, कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट. त्याने आमचं पहिलं घर एका वेबसाइटवरून पसंत केलं होतं. फोटोत हॉल एवढा मोठा की त्यात लग्न लागेल. खाली लिहिलं होतं, समुद्र दिसतो. सामान घेऊन आम्ही सालमियात पोचलो. हॉलमध्ये सोफा ठेवला की दार उघडत नव्हतं. समुद्र दिसत होता, नाही असं नाही. बाथरूममध्ये कमोडवर चढून मान वाकडी केली की दोन इमारतींच्या फटीतून निळी रेघ दिसायची. एजंट पंजाबी होता. त्याला मी जिन्यात गाठलं. श्रीकांत माझा दंड धरून म्हणत होता, "अगं, परका देश आहे." मी म्हटलं, "घर लहान असायला देश कशाला परका लागतो?" एजंटशी माझ्या त्या वेळच्या हिंदीत जे काही बोलले त्यातलं निम्मं मी इथे लिहू शकत नाही. पण कमिशन निम्म्यावर आलं. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस जे करतो ते मी झोपेत करीन, आणि खोटं न बोलता करीन.

आधी मात्र राई नावाच्या भागात एका टाइल्सच्या शोरूममध्ये नोकरी केली. तिथे कुवेती बायका ड्रायव्हरला बाहेर थांबवून फरशी बघायला यायच्या. भाव करायला मी तिथे शिकले असं लोकांना वाटतं. ते मी मिरजेच्या भाजीबाजारातून शिकून आले होते. राईमध्ये मी गप्प बसायला शिकले. समोरचा माणूस गप्पपणाला घाबरतो आणि स्वतःच खाली येतो.

मग अबू खालिद भेटला. सालमियात त्याचं जागा भाड्याने देण्या-घेण्याचं ऑफिस. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर त्याच्या बापाचा फोटो. तो टाइल्स घ्यायला आला होता. तासभर माझ्याशी भांडला, टाइल्स न घेता गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, माझ्याकडे काम कर. तेव्हापासून लायसन्स त्याच्या नावावर आणि पायपीट माझ्या नावावर. आमचं बरं चाललं आहे. तो रोज दुपारी झोपतो, आणि मी रोज त्याच्यावर चिडते.

आता सगळे एजंट एका मोठ्या वेबसाइटचे मेंबर आहेत. वर्षाची फी भरायची, मग तुमच्या जागा तिथे झळकतात आणि दुसऱ्यांच्या जागांचे नंबर तुम्हाला दिसतात. अबू खालिदने ती फी भरायला साफ नकार दिला. मी सुरुवातीला त्याच्या मागे लागले होते. तो म्हणाला, "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. हा उद्या अजून उजाडलेला नाही, आणि आता मलाही नको आहे. कारण साइटवर जागा येते ती रिकामी झाल्यावर. मला ती रिकामी होण्याच्या आधी कळते.

कशी, ते सांगते. चोरून कुणाला करायचं असेल तर करा, तुम्हाला जमणार नाही.

इथून कुणी कायमचं जायचं ठरवलं की ते आधी कुणालाच सांगत नाहीत. ऑफिसात सांगत नाहीत, कारण हिशेब पदरात पडलेला नसतो. घरमालकाला सांगत नाहीत, कारण तो डिपॉझिटवर डोळा ठेवून असतो. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार, त्याच्यापासून तर लपवतातच. मित्रांनाही सांगत नाहीत, कारण नोकरी गेली की स्वतःहून सोडली, याची चर्चा नको असते. सगळं गुपचूप चालू असतं. पण बाल्कनीत एक कुंडी असते. सोफा विकता येतो, फ्रिज विकता येतो, पितळी समई सामानात जाते. तुळस विमानात नेता येत नाही, विकता येत नाही आणि कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. कुवेतच्या उन्हात ती जगवलेली असते, उन्हाळ्यात घरात आणून एसीत बसवलेली असते. मग घरातली बाई मैत्रिणींच्या ग्रुपवर एक साधा मेसेज टाकते, तुळस कुणाला हवी आहे का? नवऱ्याला वाटत असतं की अजून कुणालाही काही माहीत नाही.

मी लिहिते, मला हवी. आणि घ्यायला जाते.

कुंडी हातात घेताना मी काही विचारत नाही. बाई स्वतःच चहा टाकते, दार लोटून घेते आणि सांगते. मी ऐकून घेते, आणि तिने मोकळं करेपर्यंत ती गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडत नाही. म्हणून मला सांगतात. जागा सोडायची वेळ येते तेव्हा माझ्याकडे दुसरं कुटुंब तयार असतं, घरमालक खूश, डिपॉझिट परत. माझ्या बाल्कनीत अशा गेलेल्या लोकांच्या तुळशी आहेत. नाशिकच्या जोशांची, ठाण्याच्या मेरीची (तिला सासूबाईंनी आवडीने दिलेली), लातूरच्या दोघा डॉक्टरांची. अर्ध्या मरतात. त्याला मी काय करू?

आणि ही मंडळी मला काय म्हणतात ते ऐका. आमच्याकडे अमोल म्हणून एक गृहस्थ आहेत, पुण्याचे, आयटीत. फावल्या वेळात एजंटगिरी करतात, साइटचे मेंबर आहेत, व्हिजिटिंग कार्डावर तिचा शिक्का आहे. एका हळदीकुंकवाला त्यांची बायको चार बायकांत मला म्हणाली, "ताई, तुम्ही ऑथराइज्ड नाही ना? म्हणजे, लिस्टिंगमध्ये नाव नाही ना तुमचं?" आवाज असा, जणू मी लग्नाशिवाय कुणाबरोबर राहते. मी म्हटलं, "नाही हो. माझं नाव फक्त लोकांच्या तोंडात आहे." त्यावर सगळ्या हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोघींचे फोन आले. एकीला जागा हवी होती, दुसरीला अमोलने दाखवलेल्या जागेत काय खोट आहे ते हवं होतं. फुकट. मी तिला सांगितलं की काही खोट नाही, अगदी छान जागा आहे. होतीही छान. फक्त टाकी गच्चीवर उन्हात आहे, आणि जुलैमध्ये गार पाण्याच्या नळातून चहाचं पाणी येतं. तेवढं मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगते.

तुमच्यातले बरेच जण असे आहेत. माझ्याबरोबर फिरून सहा घरं बघायची, नाक मुरडायचं, आणि माझी पाठ वळली की हारिसच्या हातावर काहीतरी टेकवून थेट मालकाला गाठायचं. मग इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटल्यावर "ताई, किती बारीक झालात!" मी बारीक झालेले नाही. तुम्ही माझ्याकडे नीट बघत नाही.

मिरजेत राहिलेल्यांचंही मला कौतुक नाही. "तुझं बाई बरं आहे, तिकडे सोनं स्वस्त." "पेट्रोल पाण्याच्या भावाने ना?" फोन केला की पहिल्या दोन वाक्यांत मला काय मिळतं याचा अंदाज आणि तिसऱ्या वाक्यात कुणाच्या तरी मुलाचा बायोडाटा. बाबा होते तोवर त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पाणी कसं आहे तिकडे?" समुद्राचं गोडं करून देतात, असं मी सांगायची. त्यांना ते पटायचं नाही. "नळाला क्षार धरत असेल," म्हणायचे. धरतो.

तर गेल्या गणपतीच्या आधी ग्रुपवर मेसेज आला, तुळस कुणाला हवी आहे का? शुभदाचा. सांगलीची, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. तिचा नवरा महेश तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे इंजिनिअर. मी गेले. कुंडी दारातच काढून ठेवलेली. महेशची नोकरी गेली होती आणि दोघं महिनाभर रोज सकाळी नेहमीच्या वेळी घराबाहेर पडण्याचं नाटक करत होती, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. मुलगा पुण्यात शिकतो आहे, त्यालाही सांगितलेलं नव्हतं.

"ताई, आता परत तिकडेच," शुभदा म्हणाली. "सासूबाईंकडे दोन महिने राहू, पण कायमचं नाही जमायचं. मिरजेत एखादं छोटंसं घर बघतोय. हे बघा ना, तुमचंच गाव. कसं वाटतं सांगा."

तिने फोन माझ्यापुढे धरला. तीच ती वेबसाइट नव्हे, आपल्याकडची. पण फोटो काढायची तऱ्हा तीच. दोन खोल्यांचा झालेला महाल. कट्ट्यावर कुठून तरी आणून ठेवलेली प्लास्टिकची फुलं. स्वयंपाकघराचा फोटो मी बोटांनी मोठा केला. कडाप्प्याचा ओटा, आणि त्याच्यावर काळ्या लाकडाची फळी. ती रेल्वेच्या जुन्या स्लीपरची आहे. बाबांनी ती स्वतः रंधून बसवली, आणि ती इतकी जड झाली की तिच्यावर कधी काही ठेवायचं धाडस आईला झालं नाही. तशी फळी मिरजेत दुसऱ्या घरात नाही.

खाली लिहिलं होतं, मालकाचा नंबर पाहण्यासाठी सदस्य व्हा.

मी तो नंबर बघत बसले, म्हणजे त्याच्या जागी असलेले ठिपके. तो नंबर माझ्या फोनमध्ये सतीश या नावाने आहे. त्याला पहिला मोबाइल मी घेऊन दिला.

"बरं नाहीये का घर?" शुभदा म्हणाली.

"बघते," मी म्हटलं. "तू अजून कुणाला फोन करू नकोस." आणि कुंडी उचलून निघाले. जिन्यातच सतीशला लावला.

"अक्का! अगं, आत्ता तुझीच आठवण काढत होतो."

"कशाच्या संदर्भात?"

"काय?"

"आठवण कशाच्या संदर्भात काढत होतास? नळाच्या, की फळीच्या?"

तो गप्प झाला. मीही गप्प बसले. मघाशी सांगितलं ना, समोरचा गप्पपणाला घाबरतो.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "भाऊबीजेला तू येशीलच की. तेव्हा निवांत बोलू म्हटलं. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते, पोरीची ॲडमिशन. आणि ते घर नुसतं पडून आहे गं. वाळवी लागेल."

"आणि सही?"

"ती काय, भाऊबीजेलाच. हक्कसोडपत्र वकिलाने तयार करून ठेवलंय."

"मी हक्क सोडते म्हणून कधी म्हटलं तुला?"

"म्हणजे काय अक्का? सगळ्याच बहिणी करतात की."

तो हे मुद्दाम बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि माझा संताप त्याचाच होता. आपल्याकडे ही पद्धतच आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला की बहिणीला साडी घ्यायची, ताटात ओवाळणी टाकायची, आणि गोड जेवण झाल्यावर कागद पुढे करायचा. माहेर उघडं ठेवायची किंमत. बहीणही करून टाकते, कारण नाही म्हटलं तर दिवाळीला बसायला पाट कुठे मिळेल? सतीश एवढा सगळा व्यवहार धरून चालला होता. त्याची बहीण रोज सकाळ-संध्याकाळ हाच धंदा करते, एवढं एक त्याच्या ध्यानात आलं नाही.

पैशाचं मला काही नव्हतं. वाचताना तुम्ही हसाल, माझ्याशी भाव केलेले तर नक्कीच हसतील. पण खरं सांगते, सालमियातल्या बायका, ज्यांचं माझं रक्ताचं नातं नाही, त्या स्वतःच्या नवऱ्याचा शब्द मोडून मला आधी सांगतात की आम्ही निघालो. आणि माझ्या भावाने वेबसाइटला आधी सांगितलं. फी भरून.

"जाहिरात काढ," मी म्हटलं.

"त्यांच्याशी तीन महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे. एक्सक्लुझिव्ह."

"बरं. मी भाऊबीजेला येते. वकिलाला सांग, कागद जपून ठेव म्हणावं. पाठकोरे आहेत ना? वाणसामानाची यादी करायला होतील."

घरी येऊन श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "सही करून टाक ना. कशाला भावाशी वाकडं?" हा माणूस हिशेबनीस आहे, दुसऱ्यांचे पै-पै जुळवतो आणि आपल्या घरच्या हिश्श्यावर मात्र सरळ पाणी सोडतो. दुसऱ्या दिवशी मी शुभदाकडे गेले आणि सांगून टाकलं की ते घर माझं आहे, म्हणजे अर्धं माझं. तिने तोंडावर हात ठेवला. महेशने मात्र इंजिनिअरासारखा प्रश्न विचारला.

"ताई, मालकही तुम्ही, एजंटही तुम्ही. मग आमच्या बाजूने कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "पण पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते, हे साइटवर लिहिलंय का? नाही ना? मी सांगते आहे. आणि मागच्या न्हाणीची मोरी तुंबते, तेही ऐकून ठेवा."

भाव करताना दोष आपण आधी सांगावा. मग समोरच्याला बोट ठेवायला जागा उरत नाही आणि किंमत आपल्या हातात राहते. अमोलला हे कळायला अजून दोन जन्म लागतील.

ती दोघं दसऱ्याच्या सुमारास सांगलीला गेली. मी दिवाळीत मिरजेत उतरले. सतीश आणि त्याची बायको वैशाली पुण्याहून येऊन घर झाडून बसले होते. कट्ट्यावर रांगोळी, ओट्यावर माझ्या आवडीची बाकरवडी. आणि पुढच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीत, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला साइटचा माणूस. भाऊबीजेच्या दिवशी. त्याने एक बिल्डर ठरवून ठेवला होता. पाडून तीन मजले बांधणार होता.

"मॅडम, सरांनी आमच्याबरोबर एक्सक्लुझिव्ह केलेलं आहे," तो म्हणाला.

"सर अर्ध्या घराचे मालक आहेत. तुम्ही सरांचं अर्धं विका. कुठलं अर्धं ते आत्ता ठरवू. नळ माझ्याकडे येतो, बाबांनी माझ्यादेखत बसवलाय. न्हाणी सरांना देऊन टाका."

"अक्का, प्लीज," सतीश म्हणाला.

"प्लीज काय? खुर्चीतून उठायला सांग त्यांना."

तो माणूस उठला. त्याने मला समजावलं की त्यांच्या साइटवर रोज किती लोक येतात, त्यांची पोहोच कुठवर आहे. मी विचारलं, "आणि पुढच्या भिंतीवरची खुंटी कुणाची आहे, ते माहितीय? नाही ना. मग तुम्ही घर दाखवता काय? फोटो दाखवता." वैशाली मध्ये पडली. "ताई, तुम्ही तिकडे मजेत आहात. इथलं आम्हाला निस्तरावं लागतं." मी तिला म्हटलं, "बरोबर आहे. म्हणून मी निस्तरायला आले. गिऱ्हाईक माझ्याकडे आहे, संध्याकाळी येईल. बिल्डरने जे देऊ केलंय तेच मिळेल, आणि भिंत पडणार नाही."

"आणि न मिळालं तर?" सतीश.

"तर मी सही करणार नाही. आणि मी सही न करता किती वर्षं बसू शकते ते तुला माहीत आहे. आठवीत तुझी सायकल न विचारता नेलीस म्हणून मी तुझ्याशी किती महिने बोलले नव्हते?"

"माझी नव्हती सायकल, तुझी होती," सतीश म्हणाला. आणि त्याला हसू फुटलं. वैशालीला काही कळेना. पट्टेवाला गृहस्थ बिल्डरला फोन करायला बाहेर गेला आणि परत आला नाही. त्याचं ॲग्रीमेंट दिवाळीनंतर संपतच होतं.

संध्याकाळी शुभदा आणि महेश आले. मी त्यांना ओली भिंत आधी दाखवली. सतीश दारामागे मला कुजबुजला, "आपल्याच घराचा भाव पाडतेस होय?" मी त्याला गप्प केलं. महेशने भिंतीवर हात फिरवला, किंमत कमी करायला तोंड उघडलं, आणि काही सुचेना म्हणून मिटलं. कारण जे म्हणायचं ते मीच म्हणून बसले होते. शुभदा स्वयंपाकघरात गेली आणि फळीखाली उभी राहिली. "ही काढायची नाही हं," ती नवऱ्याला म्हणाली. मी अजून काहीही सांगितलं नव्हतं. फळी गैरसोयीची आहे, हे ती राहायला आल्यावर तिला कळलं. डोकं लागतं. आईलाही लागायचं.

तिथेच ठरलं. माझी एकच अट होती, आणि ती कागदावर मावणारी नव्हती. हे घर कधी सोडायचं झालं, विकायचं झालं, तर साइटच्या आधी मला कळवायचं. "एवढंच?" शुभदा म्हणाली. तिला ती किरकोळ वाटली.

मग मी सतीशला ओवाळलं. त्याने ताटात पाकीट टाकलं, वैशालीने साडी दिली. बरी होती, रंग मात्र माझा नव्हता. सतीश पाट सोडून उठायला लागला तेव्हा मी ताट तसंच धरून ठेवलं.

"काय राहिलं?" तो म्हणाला.

"ही ओवाळणी झाली. कमिशन वेगळं."

त्याला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. व्यवहार पुरा झाल्यावर त्याच्या हिश्श्यातून मी नेहमीचं कमिशन घेतलं, परक्याकडून घेते तेवढंच. वैशालीने ते सगळ्या नातेवाइकांना सांगितलं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते ऐकलंही असेल, आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं. होय, घेतलं. घर मी विकलं, कुठे नाव नोंदवलेलं नसताना विकलं, आणि त्याचे पैसे झाले. फुकट काम केलं असतं तर तुम्ही मला मोठ्या मनाची बहीण म्हटलं असतं, आणि पुढच्या वर्षी तुमचीही घरं फुकट विकायला लावली असती.

आता मिरजेत माझं काही नाही. इथेही नाही. आम्हा परदेशी लोकांच्या नावावर इथे जमीन होत नाही, आणि इकाम्याची, म्हणजे राहायच्या परवान्याची, मुदत संपली की बॅग भरायची. गावभर लोकांना छप्पर मिळवून देणारी बाई स्वतः भाडेकरू आहे, यावर अमोलच्या बायकोने एकदा मान हलवून हळहळ व्यक्त केली. ती तिने स्वतःकडेच ठेवली तर बरं. मिरजेचं ते घर बघून मला काय वाटलं, तेही ती विचारत होती. खरं सांगायचं तर धंद्याच्या नजरेने बघितलं. उजेड कमी आहे, मोरी वाईट. आम्ही तिथे एवढी माणसं कशी मावलो, देव जाणे.

शुभदा महिन्यातून एकदा फोन करते. पुढच्या खोलीला तिने गुलाबी रंग दिला, तेव्हाही आधी फोन केला. मी म्हटलं, "रंगाचं नको गं सांगू, घर सोडताना सांग." तरी सांगते. परवा नळ गळायला लागला तर तेही सांगितलं. वॉशर कुठला बसतो ते मी तिला इथून सांगितलं.

तिची तुळस माझ्याकडे आहे, दक्षिणेच्या कठड्याला, बाकीच्यांच्या पुढे. यंदा तग धरून आहे. श्रीकांतची निवृत्ती आली आहे आणि केव्हातरी ग्रुपवर तो मेसेज मलाही टाकावा लागेल. किती कुंड्या आहेत, कुणी एक घेऊन भागणार नाही. पण त्याच्या आधी एक फोन करायचा आहे, आणि तो अबू खालिदला नाही, घरमालकाला नाही. सतीशला करणार आहे. तो विचारेल, "मग अक्का, राहायला कुठे?" मला त्याचं उत्तर आज तरी माहीत नाही, आणि त्याच्या फ्लॅटवर माझा डोळा आहे असं वैशालीला वाटेल, वाटू दे. मी त्याला विचारायला फोन करणार नाही. सांगायला करणार आहे. निघायच्या आधी सांगतात कसं, हे आमच्या घरात एकाला तरी अजून शिकवायचं राहिलं आहे.